बेळगावात खाऱ्या पाण्याची टाकी: डब्यातलं खाद्य, फ्रोझन की फिश मार्केटची कोळंबी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कोणी शोभेच्या समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावली की पहिल्या महिन्यातच खाद्यावरून तीन सल्ले मिळतात. दुकानदार पेलेटचा, म्हणजे कोरड्या दाणेदार खाद्याचा, डबा पुढे करतो. बेंगळुरूचा मित्र फ्रोझन मायसिसशिवाय (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) काही घालू नको म्हणतो. आणि घरचे म्हणतात, कॅम्पात फिश मार्केट आहे, चार कोळंब्या चिरून घाल की, एवढा खर्च कशाला! तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. खरं तिघांनीही एक हिशेब धरलेला नसतो. आपण समुद्रापासून घाट चढून वर राहतो. टाकीतलं पाणी आरओच्या पाण्यात विकतचं मीठ कालवून करावं लागतं. खाद्याने पाणी खराब झालं की ते बदलायचं, आणि बदललं की मीठ गेलं. म्हणून खाद्याचा भाव काढताना मिठाची पिशवीही शेजारी ठेवावी.

आधी मासा बघा. क्लाउन आणि डॅमसेल जवळजवळ सगळं खातात, नवख्याला तेच बरे. टँग आणि फॉक्सफेस हे चरणारे मासे. खडकावरचं शेवाळ दिवसभर खुडत राहणं हा त्यांचा धर्म, त्यामुळे नुसत्या कोळंबीवर ते पोट भरतील, पण धड राहणार नाहीत. लायनफिश पक्का मांसाहारी. मँडरिन मात्र दुकानात कितीही देखणा दिसला तरी पहिल्या वर्षी घेऊ नये. तो जुन्या, मुरलेल्या टाकीत लाईव्ह रॉकवरचे (जिवाणू-जीवजंतू वसलेल्या समुद्री खडकावरचे) कोपेपॉड नावाचे अगदी बारीक जीव टिपून जगतो आणि पेलेटकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यापुढे खालचं सगळं व्यर्थ.

पेलेटला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. माझं मत उलटं आहे. या तिन्हींपैकी जीवनसत्त्वं मोजूनमापून घातलेली असतात ती पेलेटमध्येच, आणि बेतानं घातलं तर पाणी सर्वांत कमी खराब होतं तेही त्यानंच. मात्र डब्यावरचा मजकूर वाचायचा. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाची पूड, क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) किंवा माकुल यांचं हवं. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर डबा जागेवर ठेवा. गोड्या पाण्यातल्या गप्पी-गोल्डफिशचं खाद्य यांना चालवून घेऊ नका. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं शोभेच्या समुद्री माशांसाठी 'कडलमीन वर्णा' नावाचं देशी खाद्य तयार केलेलं आहे. मिळालं तर तेही पाहण्यासारखं.

पेलेटचा खरा शत्रू म्हणजे शिळेपणा. डबा उघडला की त्यातलं तेल हवेने खराब व्हायला लागतं, आणि क जीवनसत्त्व लवकर जातं. मोठ्या पोत्यातून काढून प्लास्टिकच्या पुडीत विकलेलं सुटं खाद्य म्हणूनच घेऊ नये, त्याला ना तारीख ना वार. वास घ्या. ताज्या पेलेटला सुकटीचा वास येतो, जुन्याला खवट तेलाचा. दीड-दोन महिन्यांत संपेल एवढाच डबा आणायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि आठवड्यापुरतं छोट्या बाटलीत काढून घ्यायचं. आपल्याकडच्या पावसात गार डबा रोज बाहेर काढला की आत घाम धरतो आणि खाद्याला बुरशी येते.

फ्रोझनमध्ये दोन गोष्टी सरसकट एकाच भावाने बघितल्या जातात, तो घोटाळा आहे. मायसिस हे खरं जेवण, त्यात प्रथिनं आणि चरबी दोन्ही बऱ्यापैकी. ब्राइन श्रिंप म्हणजे आर्टेमिया, खारट पाण्यातला इवलासा जीव. मासे त्यावर तुटून पडतात, पण त्या क्यूबमध्ये बहुतांश पाणीच असतं आणि समुद्री माशांना लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल त्यात फारच कमी. नवा मासा तोंड लावत नसेल तेव्हा आमिष म्हणून आर्टेमिया, रोजच्याला मायसिस. लाल ब्लडवर्म गोड्या पाण्यातला. कधीमधी ठीक.

अडचण वाहतुकीची. हा माल बेंगळुरू, पुणे किंवा मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत रात्रभर प्रवास करून येतो. वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठला असेल तर पाकिटावरूनच कळतं. क्यूबच्या कडा बोथट झालेल्या, कप्प्यात बर्फ एका बाजूला आणि लालसर गाळ दुसऱ्या बाजूला. असं पाकीट परत करा. हेच घरच्या फ्रीजचं. लाईट तासन् तास जाते अशा गावात मोठा साठा करू नये, आणि वितळलेलं पुन्हा गोठवू नये. घालताना क्यूब टाकीच्या वाटीभर पाण्यात सोडायचा, वितळला की चहाच्या गाळणीत ओतायचा. ते तपकिरी पाणी मोरीत, मायसिस टाकीत. त्या पाण्यातलं फॉस्फेट टाकीत गेलं की काचेवर शेवाळ माजतं.

आता फिश मार्केट. कारवार, गोवा, मालवणची मासळी बेळगावात येते, ही आपल्या गावाची मोठी सोय, आणि घरचं खाद्य करायला याहून स्वस्त काही नाही. पण नुसती कोळंबी रोज घालणं हे पेलेटपेक्षा वाईट. काही कोळंब्यांत, बऱ्याच शिंपल्यांत आणि तारली-मांदेलीच्या कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. फ्रीजरमध्ये ठेवल्याने ते जात नाही, उष्णतेने जातं. महिनोन् महिने एकच कच्ची गोष्ट घातली तर मासा खात-पीत असूनही मलूल होतो. म्हणून मिश्रण करायचं.

लहान कोळंबी घ्या, सालासकट. सालातल्या अ‍ॅस्टाझँथिनमुळे लाल-केशरी रंग टिकतो. तेवढंच माकुल, पांढऱ्या मांसाच्या माशाचा तुकडा, चार-पाच तिसऱ्या उकळत्या पाण्यातून नीट काढून, आणि नोरीचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या पानाचा, चुरा. बर्फातून आलेला माल म्हणून आधी आरओच्या पाण्यात धुवायचा. मग सुरीनं चिरायचं, मिक्सर नको. मिक्सरमध्ये त्याचं दूध होतं, ते माशाच्या तोंडात जात नाही, टाकीत ढग होऊन पसरतं आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रात्रभर फेस काढत बसतो. क्लाउनसाठी तुकडा त्याच्या डोळ्यापेक्षा मोठा नको. चिरलेलं पुन्हा गाळणीत धुवा, बारीक कण जाऊ द्या. चायना ग्रास उकळून कोमट होऊ द्या, त्यात हे कालवा, झिपच्या पिशवीत पापडाइतकं पातळ लाटून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडता येतो. जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे ते टाकीत सोडण्याआधी, गोठवताना नाही.

किती करायचं? इथं सगळेच हात सैल सोडतात. सहा छोट्या माशांना दिवसाला साधारण दोन-तीन ग्रॅम ओलं खाद्य पुरतं. पाव किलोचा गोळा सहज तीन महिने जातो, आणि त्याहून जुना ठेवूही नये. हे मे महिन्यात उरकून घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राची ताजी कोळंबी आणि माकुल शोधत फिरावं लागतं आणि भावही चढलेला असतो. त्या दिवसांत मिळणारी तळ्यातली व्हेनामी कोळंबी मिश्रणात चालते, एकटी नको.

सुका जवळा आठवडी बाजारात ढिगाने मिळतो, पण त्यात मीठ-वाळू असते आणि तेल खवटलेलं, तो आपल्यालाच राहू दे. कोंबडीचं काळीज, मटण यांची चरबी या माशांना पचत नाही. लायनफिशला जिवंत गोल्डफिश किंवा घटप्रभेतली चिंगळी घालायची हौस काहींना असते. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं आणि गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी वेगळी, नुसत्या त्यावर ठेवलेल्या लायनफिशचं यकृत चरबीने खराब होतं. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा चिमट्यात धरून कोळंबी-माकुल हलवून दाखवा, शिकतो.

टँग असेल तर नोरी रोज हवी. साधी, बिनमिठाची, बिनतेलाची. क्लिपला लावून काचेवर अडकवायची आणि संध्याकाळी उरलेली काढायची. पालक-कोबी ही नोरीची जागा घेत नाहीत.

घरी आर्टेमियाची अंडी उबवण्याचा नाद चांगला आहे, पण तो पिल्लांसाठी आणि हट्टी माशांसाठी. २६ ते २८ अंशांना दिवसभरात अंडी फुटतात. आपल्याकडच्या थंडीत बाटलीला हीटर नसेल तर वाट बघत बसावं लागतं.

मग घ्यायचं काय? क्लाउन-डॅमसेलची छोटी टाकी असेल तर आठवड्याचे चार-पाच दिवस चांगलं पेलेट आणि बाकीचे दिवस घरचं मिश्रण. फ्रोझन मायसिस परवडलं तर एक दिवस तेही, नाही मिळालं म्हणून काही अडत नाही. मोठी टाकी, अँथियससारखे दिवसातून तीन वेळा खाणारे मासे आणि भरवशाचा फ्रीजर असेल तर मायसिसला पैसे घाला. लायनफिशवाल्याने सरळ फिश मार्केट गाठावं. आणि एक अडचण जी इंटरनेटवर कोणी सांगत नाही: घर शाकाहारी असेल, किंवा घरमालक, आणि फ्रीजमध्ये माकुल ठेवायची सोय नसेल, तर दोन वेगळ्या कंपन्यांचे पेलेट आलटून पालटून, फ्रीज-ड्राइड (गोठवून सुकवलेलं) क्रिल भिजवून आणि नोरी, एवढ्यावरही सर्वभक्षी मासे चांगले राहतात. त्यासाठी घरात भांडण नको.

कुठलंही घातलं तरी दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्याच्या हातात डबा देऊ नका, एका वेळेचं पेलेट कागदाच्या एकेका पुडीत बांधून द्या आणि बाकीचा डबा लपवा. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल तर तेही नको. धडधाकट मोठा मासा तेवढे दिवस उपाशी आरामात काढतो, अँथियस आणि पिल्लं तेवढी सोडून.