लुई कान यांच्या विटांत नऊ महिने

अहमदाबादच्या आयआयएममध्ये जूनअखेरीस जुन्या कॅम्पसवरच्या डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात, खोली मिळाली, तेव्हा हा कॅम्पस रचणारे वास्तुरचनाकार लुई कान हे मला फक्त मधल्या प्लाझाचं नाव होतं. मार्चमध्ये खोली सोडताना रडू आलं.

खोली साधीच. खरी जागा दाराबाहेर आहे. इथे लांबलचक कॉरिडॉर नाही. मजल्यावरच्या दहा खोल्या एका तिकोनी बैठकीभोवती, जिना आणि चहाची जागाही तिथेच. त्यामुळे दार उघडलं की माणूस भेटतोच. मी मुळात घुमी. पण रात्री दोन वाजता अभ्यासाची केस स्टडी डोक्यात शिरेनाशी झाली की बाहेर येऊन बसायची आणि कुणीतरी समजावून द्यायचं. शिकणं वर्गापुरतं राहू नये म्हणून कान यांनी हे मुद्दाम असं बांधलं.

भिंतींना गिलावा नाही. रत्नागिरीच्या आमच्या घराचे जांभ्याचे चिरे असेच उघडे, म्हणून मला ते लगेच आपलं वाटलं. बाहेरच्या बाजूला पडवीसारखी खोल सावली, आणि वारा मिळावा म्हणून इमारती तिरक्या ठेवलेल्या. रुंद कमानींच्या पायथ्याशी काँक्रीटची आडवी पट्टी असते. कमान बाहेर फाकू नये म्हणून ती दोन्ही टोकं ओढून धरते. हे कळल्यावर मी रोज वर बघत चालायला लागले.

मग कान यांच्याबद्दल वाचत गेले. जन्म 1901, एस्टोनियातला. लहानपणी निखाऱ्यांनी चेहरा भाजला, तो डाग कायमचा. पुढे कुटुंब फिलाडेल्फियाला गेलं. नाव झालं ते पन्नाशीनंतर. 1962 मध्ये अहमदाबादचे वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्यामुळे हे काम त्यांच्याकडे आलं. मार्च 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराने गेले. त्यांच्या हाताखाली फिलाडेल्फियात काम केलेल्या अनंत राजे यांनी इथलं उरलेलं काम पुढे नेलं. या राजेंचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

डिसेंबर 2020 मध्ये 18 पैकी 14 डॉर्म पाडायचं ठरलं होतं. जगभरातून विरोध झाल्यावर तो निर्णय मागे घेतला, पण 2022 मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा आलाच. विटा झिजल्यात, 2001 च्या भूकंपाने तडे गेलेत, हे खरं आहे. पण इथल्याच ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या वास्तुरचनाकारांनी केली आणि 2019 मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मी त्या ग्रंथालयात तासन्‌तास बसले आहे. डॉर्मही असेच वाचवावेत, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला जुन्या कॅम्पसवर खोली मिळत असेल तर जरूर घ्या, आणि दार उघडं ठेवून अभ्यास करा.