तेलात बुडणाऱ्या बोर्डांना कुठला रंग? टँक चालू केल्यापासूनचा अनुभव

उन्हाळ्यात सर्व्हर तेलात बुडवून थंड करायचा सिंगल फेज टँक (यात तेल उकळत नाही, नुसतं फिरतं) चालू केला, पीएओ म्हणजे सिंथेटिक हायड्रोकार्बन तेल, ४५-५० डिग्रीला फिरतं, आत सर्व्हर आणि आमचेच पॉवर मॉनिटरिंगचे बोर्ड. सर्व्हर तपासूनच आले होते, त्यांचं काही नाही. लिहितोय ते आमच्या बोर्डांबद्दल, कारण त्यांचा सोल्डर मास्क (तांब्याच्या रेषांवरचा रंगीत थर), कोटिंग (त्यावर मारायचा संरक्षक थर), रंग सगळं आम्हीच ठरवलं आणि माहिती शोधायला जावं तर सगळे तेलावरच बोलतात, रंगाचं कोणी बोलत नाही.

हिरवा सोल्डर मास्क जसा टाकला तसा आहे. त्यात बहुतेक थॅलोसायनिन पिगमेंट असतं, ते तेलात विरघळत नाही. नेहमीच्या हिरव्यात क्लोरीन असतो म्हणून हॅलोजन-फ्री मागितलं की निळा-पिवळा मिसळून हिरवा करून देतात, तोही व्यवस्थित टिकलाय. पांढरा थोडा पिवळा पडलाय पण तो रिफ्लोमधून (सोल्डरिंगच्या भट्टीतून) आला तेव्हाच पडला होता, तेलाचा त्यात हात नाही, टायटॅनियम डायऑक्साइडला तेलाने काय होणार.

काळ्याबद्दल मात्र लोकांच्या डोक्यात भलतंच बसलंय. काळा बोर्ड उष्णता जास्त फेकतो म्हणे, म्हणून क्लायंटने हट्टाने मॅट काळा घेतला. अहो, तेलात उष्णता तेलच वाहून नेतं, बोर्ड काळा का गुलाबी, काय फरक पडतो? उलट काळ्यात कार्बन ब्लॅक असतो, तो यूव्ही खातो, त्यामुळे यूव्ही टाकून पक्का करताना (एक्सपोज) मास्क वरून पक्का आणि खालून कच्चा राहू शकतो, आणि पॅडच्या मधल्या बारीक पट्ट्या आधी सुटतात. आमच्या एका लॉटला नेमकं हेच झालं, फॅबवाल्याने (बोर्ड बनवणाऱ्याने) बेकिंग उरकलं असणार, कनेक्टरच्या पायांमध्ये नख लावलं की मास्क उचकटून यायचा. दुसरीकडून १५० डिग्रीला पूर्ण तासभर भाजून घेतलेला काळा अजून ठीक आहे, म्हणजे भट्टीचा दोष रंगाइतकाच.

खरी डोकेदुखी वरच्या कोटिंगची. आमच्या बोर्डांची वरची कड तेलाच्या बाहेर राहते, पावसाळ्यात तिथे ओल धरते, म्हणून कोटिंग लागतंच, पूर्ण बुडणारा बोर्ड असेल तर मी लावणारच नाही, तेल स्वतःच इन्सुलेटर आहे. हाय व्होल्टेजचा भाग लाल दिसावा अशी मागणी होती म्हणून लाल टिंटचं अ‍ॅक्रिलिक आणलं. आधी काचपट्टीवर मारून, वाळवून, तेलाच्या बरणीत टाकून ओव्हनमध्ये ८० डिग्रीला ठेवलं. आठवडाभरात बरणीमागे पांढरा कागद धरला तर तेल गुलाबी, पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखं. म्हणजे तो डाय (विरघळणारा रंग) होता, पिगमेंट (न विरघळणारे रंगाचे कण) नव्हतं. दुकानदाराला दोनदा विचारलं होतं की यात डाय आहे का पिगमेंट, उत्तर एकच, "साहेब, कलर एकदम पक्का आहे."

मग मोटर वाइंडिंगवर मारतात ते लाल व्हार्निश बघितलं. त्यात रेड ऑक्साइड, ते विरघळत नाही, तेल स्वच्छ राहिलं. पण व्हार्निशच मऊ पडलं, टिश्यूने पुसलं की लाल डाग, आणि बरणीच्या तळाला भुकटी. टँकमध्ये ही भुकटी पंपातून फिरणार, फिल्टरमध्ये अडकणार, आणि असा कचरा तेलात फिरला की त्याचा ब्रेकडाउन व्होल्टेज (जितक्या व्होल्टेजपर्यंत तेल इन्सुलेटर म्हणून टिकतं तो आकडा) खाली येतो. म्हणून पिगमेंट कितीही चांगलं असू दे, ते ज्यात धरलंय तो रेझिन तुमच्या तेलात टिकतो का हे आधी बघा. एस्टर तेल असेल तर आणखी जपून, ते पीएओपेक्षा जास्त गोष्टी विरघळवतं. सिलिकॉन कोटिंग तर हायड्रोकार्बन तेलात फुगतं, तिकडे जाऊच नका.

इन्स्पेक्शनसाठी कोटिंगमध्ये यूव्ही ट्रेसर असतो ना, निळा चमकणारा, तोही डायच. अ‍ॅक्रिलिकमधला थोडा बाहेर आला, दोन घटकांच्या पॉलीयुरेथेनमधला टॉर्चला तरी दिसला नाही. टॉर्च मारताना शेजारी कोऱ्या कॅनमधलं तेल ठेवा, कारण काही तेलं, विशेषतः मिनरल ऑइल, मुळातच चमकतात. टू फेजवाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे फ्लुइड चिपवर उकळून उडून जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं तिथेच साचत जातं. असे फ्लुइड बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ मध्येच २०२५ अखेर पीएफएएस (अशा फ्लुइडमधली फ्लोरिनची रसायनं) बनवणं बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलोच नाही.

क्यूसीची (तपासणीची) मार्करची टिकली आणि सिरीयल नंबरचे स्टिकर यांची अवस्था विचारू नका, एक स्टिकर थेट पंपाच्या जाळीत सापडला. आता नंबर लेजरने.

सध्याची ऑर्डर अशी: साधा हिरवा मास्क, बेकिंगचा रिपोर्ट सोबत, बिनरंगाचं टू पार्ट पॉलीयुरेथेन, आणि हाय व्होल्टेजच्या भागाला लालऐवजी पांढऱ्या लेजंडची (बोर्डावरच्या छपाईची) जाड चौकट. पॅरिलीन या वाफेतून बसणाऱ्या कोटिंगचंही कोटेशन मागवलं होतं, त्यात रंगाची भानगडच नाही, पण कनेक्टर झाकायच्या मास्किंगचा आकडा बघून ते तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलंय.