सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण: तारकागुच्छांसाठी नागपुरात घ्यावी का?

घ्यावी, पण कृत्तिकांसाठी नाही. डॉब्सोनियन म्हणजे साध्या फिरत्या पायावर बसवलेली आरशाची दुर्बीण. हिचा 150 मिमी आरसा, 1200 मिमी नाभीय अंतर. सोबतच्या 25 मिमी आयपीसने (डोळ्याशी लावायच्या भिंगाने) 48 पट मोठं दिसतं आणि जेमतेम एक अंश आकाश मावतं. कृत्तिका पसरल्यात जवळजवळ दोन अंशांवर. 32 मिमी प्लॉसल (आयपीसचा एक प्रकार) लावलं तरी सव्वा अंशाच्या पुढे जाता येत नाही, कारण फोकसर, म्हणजे आयपीस बसवायची नळी, सव्वा इंची आहे. कृत्तिका आणि पुष्यातला एम44 हा गुच्छ दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरनेच बघावेत.

ही दुर्बीण खरी खुलते ती मिथुनेच्या पायाशी, एम35वर. पौर्णिमेच्या चंद्राएवढा हा गुच्छ 25 मिमीत मधोमध बसतो आणि भोवती काळं आकाश उरतं. तेवढं आकाश उरलं तरच तो गुच्छ वाटतो. 10 मिमी लावलं की नुसते विखुरलेले तारे. त्याच्या कडेलाच एनजीसी 2158 हा दुसरा गुच्छ आहे, कित्येक पट दूरचा, फुंकर मारलेल्या राखेसारखा पुसट. शहरातून तो हाती लागत नाही. खिंडसी किंवा पेंचकडे जावं, आणि नजर किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे पुसट गुच्छ जाणवतो.

अडचण नागपूरच्या अक्षांशाची आहे. एम35 इथे आकाशात सर्वांत उंच येतो तेव्हा डोक्यापासून फक्त तीन अंशांवर असतो, आणि डॉब्सोनियनला नेमकं तिथेच वळवणं जड जातं: पाया गरागरा फिरवावा लागतो, नळी मात्र तसूभर सरकते. सरळ फाइंडरमधून (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून) बघताना मान मोडते ती वेगळीच. दोन तास आधी किंवा नंतर तो क्षितिजापासून 62 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा बघावा.

दुर्बीण गाडीतून नेली की कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, हलतंच, मग ताऱ्यांना शेपट्या फुटतात आणि बारीक तारे पुसले जातात. 10 मिमीत ध्रुवतारा घ्यावा, तो जागचा हलत नाही. फोकस थोडा बिघडवून ताऱ्याभोवती उमटणाऱ्या कड्या बघाव्यात. मधला काळा ठिपका एका बाजूला गेला असेल तर मोठ्या आरशामागचा एकेक स्क्रू पाव फेरा फिरवावा आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यावर आणावा. त्याआधी नळी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावी. आरसा गरम असेल तर कड्या थरथरतात आणि अंदाज चुकतो.

बार्लोत (मोठेपणा वाढवणाऱ्या जोडभिंगात) पैसे घालू नयेत, 32 मिमी घ्यावं. मात्र गच्चीवरून त्यात आकाश राखाडी दिसतं, तिथे 25 मिमीच बरं. पाया पार्टिकल बोर्डचा असेल तर पावसाळ्याआधी उघड्या कडांना वॉर्निश लावून घ्यावं, नाहीतर बोर्ड फुगतो.