नैरोबीत रोजचं जेवण: पार्कलँड्स की किबांडा?

नोकरीसाठी एकटा नैरोबीत आलेला मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात पार्कलँड्स हा भारतीय वस्तीचा भाग गाठतो. मीही गाठलं होतं. डायमंड प्लाझाच्या आवारात शिरलो आणि पानाचा ठेला, चाटच्या गाड्या, गुजराती बोलणाऱ्या आज्या दिसल्यावर जीव भांड्यात पडला. वर्षभर मी आठवड्यातून चार-चार वेळा त्या भागात जेवलो. पुढची दोन वर्षं मात्र माझं दुपारचं जेवण ऑफिसमागच्या किबांड्यात, म्हणजे टपरीवर होतं. सध्या बरेच जण मला यातलं काय निवडावं ते विचारतात, म्हणून हे लिहितोय.

पार्कलँड्सचं जेवण ‘परदेशातलं भारतीय जेवण’ नाही, हे आधी सांगायला हवं. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून रेल्वेमार्ग टाकला गेला, तेव्हापासून इथे आपली माणसं आहेत. २०१७ साली सरकारने या समाजाला देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. गुजराती आणि पंजाबी घरांची चवही पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली आहे. बेसन-कोथिंबिरीत घोळवलेल्या बटाट्याच्या चकत्यांना इथे मारू भजिया म्हणतात. तिखट आणि लिंबू मारलेला तळलेला कसावा कंद म्हणजे मोगो. हे दोन पदार्थ मला मुंबईतही इतके चांगले मिळालेले नाहीत. पाहुणे आले, कोणाचा वाढदिवस असला किंवा चार जण जमले, तर आजही मी डोळे झाकून तिकडेच जातो.

पण रोज एकट्याने जेवायचं असेल तर?

तिथेच माझं गाडं अडलं. या जागा कुटुंबासाठी बेतलेल्या आहेत. हंडी येते ती तिघांची. एका संध्याकाळी एका उपाहारगृहात मी अर्धी डाळ मागितली. वाढपी अदबीनेच म्हणाला की अर्धी प्लेट नसते. मग पूर्ण डाळ, दोन नान, थोडा भात. निम्म्याहून जास्त उरलं, डबा बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी तीच डाळ, तिसऱ्या दिवशी वर लोण्याचा थर गोठलेली तीच डाळ, आणि शेवटी ती मी सिंकमध्ये ओतली. असं महिन्यात तीन-चारदा व्हायला लागलं. बिलाचं वाईट वाटलं नाही, अन्न टाकण्याचं वाटलं. आमच्याकडे ताटात शीत राहिलं तरी आई उठू द्यायची नाही, आणि इथे मी दर आठवड्याला वाडगंभर डाळ फेकत होतो. गुजराती थाळी हा त्यावर उपाय आहे, कबूल. पण रोज गोडसर डाळ आणि आग्रहाने वाढलेली पुरी मला झेपली नाही. तुम्हाला झेपेलही.

किबांडा म्हणजे पत्र्याची टपरी. दोन-तीन बाकं, कोळशाच्या शेगड्या आणि त्यांवर झाकण ठेवलेली चार-पाच मोठी पातेली. चालवणारी बाई म्हणजे ‘मामा’. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, त्यामुळे आपल्या जिभेला पहिले काही दिवस ते अवघड जातं. पातेल्यांत न्देंगू (अख्खे मूग), मादोंदो (लाल घेवडा), सुकुमा विकी नावाची हिरवी पालेभाजी, कोबी आणि कधी गिथेरी, म्हणजे मका-घेवडा एकत्र शिजवलेला. सोबत उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) किंवा चापो. चापो म्हणजे चपाती खरी, पण मैद्याची. तेल लावून गुंडाळायची, चकली करायची, पुन्हा लाटायची. तव्यावरून उतरली की पदर सुटतात. मामा ती ताटलीत टाकण्याआधी दोन्ही हातांनी हलकेच दाबते आणि मधून वाफ येते.

न्देंगू पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मुगाची उसळच, फक्त फोडणी आणि गोडा मसाला राहून गेलाय, असं वाटलं. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, कधी गाजर, आणि बस्स. मसाल्याची वाण भासते, हे खरं. मी खिशात लसणाच्या चटणीची डबी ठेवतो. एकदा मामाने बोटभर चाखली, डोळे मोठे केले आणि म्हणाली, “काली साना!” काली म्हणजे जहाल. आता ती दर सोमवारी विचारते, डबी आणलीस का.

मला किबांड्याकडे ओढलं ते ‘नुसू’ या एका शब्दाने. नुसू म्हणजे अर्धं. अर्धे न्देंगू, अर्धी सुकुमा, एक चापो, आणि कोणी भुवई उंचावत नाही. भूक असेल तर दुसरी चापो मागा, नसेल तर उठा. माझं पोट दीडशे शिलिंगांच्या आत भरतं आणि ताट पुसून निघतं. सुटे पैसेही लागत नाहीत, एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, टपरीवरही पैसे देता येतात.

शिजण्याचाही एक मुद्दा आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच आहे. पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून घरी कुकर नसेल तर कडधान्य शिजता शिजत नाही. मामाचा घेवडा सकाळपासून कोळशावर असतो. जुलैच्या थंडीत तो मऊ घेवडा आणि आल्याचा चहा यापुढे मला कुठलीही हंडी नको.

अडचणीही आहेत. दुपारी दोननंतर पातेली रिकामी होतात, आणि माझ्या मामाकडे तर रात्री काहीच नसतं. शाकाहारी असाल तर ‘बिला न्यामा’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगा आणि भाजीत रस्सा कसला आहे तेही विचारा. पोट नवं असेपर्यंत काचुंबारी, म्हणजे कच्च्या कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, टाळा, गरम तेवढंच घ्या. जागा निवडताना मी एकच बघतो: बोडाबोडावाले, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, कुठे बसलेत? त्यांना रोज तिथेच खायचं असतं. न्यामा चोमा, म्हणजे कोळशावर भाजलेलं मांस, हा वेगळाच मामला आहे. किलोवर घ्यायचं, तासभर थांबायचं, चौघांत खायचं. तो रविवारचा बेत, रोजच्या हिशेबात धरू नका.

घरच्या माणसांसह येत असाल तर माझं सगळं म्हणणं कदाचित उलटं होईल. चौघांना हंडी पुरते, उरत नाही, आणि मुलांना पार्कलँड्समध्ये आपलं वाटतं. एकटे असाल तर निदान पहिला महिना दुपारचं जेवण किबांड्यात करून बघा. साडेबाराला पोचा. इथल्या गणतीत ते ‘सा सिता ना नुसू’, म्हणजे साडेसहा, कारण घड्याळ सकाळी सातला एकपासून सुरू होतं. आणि मागा: चापो मोजा (मोजा म्हणजे एक), न्देंगू नुसू, सुकुमा नुसू.