बीबीएचा रिव्ह्यू: पोरगी शिकली, हिशोब बापानं बघितला

स्टार साडेतीन. बीबीए म्हणजे बारावीनंतरची धंदा-व्यवस्थापनाची डिग्री. कॉलेज छत्रपती संभाजीनगरचं आहे, नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाकडं पण लिहिणारंय आणि पोरीची अजून शेवटची सेमिस्टर बाकी आहे. आमचं लातूरला मोंढ्यात आडत दुकान, सोयाबीन अन् तूर, त्यामुळं धंदा पुस्तकातून शिकवतात ही गोष्टच मला आधी पटत नव्हती. माहितीपत्रकात सगळीकडं प्रॅक्टिकल लर्निंग, टीम प्रोजेक्ट, लाइव्ह बिझनेस असलं छापलेलं, तसलं तर हल्ली सगळेच छापतात, म्हणून ह्यात खरं किती ते लिहायलोय.

आधी ॲडमिशनचं सांगतो. २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्राची परिषद) खाली आलंय आणि आपल्याकडं सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा लागू झाली, पहिल्या वर्षी कित्येकांना पत्ताच नव्हता, जागा रिकाम्या राहिल्या म्हणून परत एकदा सीईटी घ्यावी लागली. तर बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हणून बसू नका, फॉर्म त्याच्या लई आधी निघतात.

आता मेन गोष्ट. पहिल्याच वर्षी सहा-सहा जणांच्या टीम करतात, दोस्त दोस्त एकत्र येऊ देत नाहीत, चिठ्ठ्या टाकतात. प्रत्येक टीमला कॉलेज १५,००० रुपये उसने देतं, धंदा करा आणि पैसे परत करा. आमच्या पोरीच्या टीमनं नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत उपवासाचा चिवडा विकायचं ठरवलं. मी म्हणलं चला, निदान गिऱ्हाईक तरी उपाशी आहे. एफएसएसएआयचं (खाण्याचा माल विकायला लागतं ते) रजिस्ट्रेशन, पाकिटावर वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता हे सगळं लेकरांनीच केलं, एजंट लावायचा नाही असा सरांचा नियम होता, आणि हे मला लई आवडलं कारण आमच्या बाजारातले निम्मे लोक अजून ह्या कामाला एजंटच धरतात.

२०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयाला ठेवलं होतं. मी मुद्दाम एक दिवस बघायला गेलो, बाजूला उभा राहून एका बाईला म्हणलं घ्या ताई चांगलाय, तर पोरगी माझ्यावरच डाफरली, "पप्पा, तुम्ही बोलू नका ना गिऱ्हाईकाशी, आमचे मार्क कटतात." गप बसलो. माणसं यायची, पाकीट हातात घ्यायची, वीसवालं आहे का विचारायची आन् पुढं जायची. दोन दिवस असं झाल्यावर पोरांनी रात्रीतून सगळी पाकिटं फोडून ५० ग्रॅमची केली, २० रुपयाला. आता बघा, किलोमागं भाव ३०० वरनं ४०० झाला तरी माल हातोहात जायला लागला! हे कुठल्या धड्यात वाचून डोक्यात शिरत नाही, तिथं उभंच राहावं लागतं.

पण गंमत पुढं आहे. गडबडीत लेकरांनी पिशवीसकट वजन केलं, म्हणजे माल ४६-४७ ग्रॅमच भरला. मोंढ्यात हमालाच्या पोराला पण माहीत असतं की बारदान वजा करायचं असतं. सर आले, काट्यावर एक पाकीट टाकलं, काही बोलले नाहीत, फक्त राहिलेला सगळा लॉट परत फोडून भरायला लावला आणि त्या संध्याकाळची विक्री बंद. रडली पोरं. पण त्या सरांना माझ्याकडनं पूर्ण पाच स्टार.

शेवटी उसने पैसे फेडून ४,२०० रुपये उरले आणि फोटोबिटो काढून पीपीटी झाली. मी आपला विचारलं की सहा जणांची मजुरी धरली का? रिक्षाभाडं? गाळ निघाला तो? मजुरी धरली तर सरळ घाटा होता. पोरगी म्हणली सरांनी पण व्हायवात हेच विचारलं. बरं वाटलं.

गटाच्या मार्कांचं मात्र लई खटकलं. सहापैकी दोघं फक्त फोटोपुरते यायचे आणि मार्क सहाही जणांना सारखेच. हे सांघिक शिक्षण नाही, ही फुकट्यांची सोय आहे. आम्ही पाच-सहा पालकांनी मिटिंगमध्ये विषय काढला तेव्हा दुसऱ्या वर्षीपासून एकमेकांना गुपचूप मार्क द्यायची पद्धत आणली, त्यात पण दोस्ती यारी चालतेच, पण आता सर रोजकीर्द मागतात, कुणी काय खरेदी केली, गल्ल्यावर कोण बसलं सगळं सहीनिशी. रोजकीर्दीत नाव नाही तर मार्क नाही. हे आधीपासूनच पाहिजे होतं.

वर्गातलं एक सांगण्यासारखं म्हणजे बिअर गेम. हा एमआयटीनं १९६० च्या आसपास काढलेला खेळ आहे (अमेरिकेतली एमआयटी, आपली नव्हे), चार जण बसतात, दुकानदार, होलसेलवाला, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढं सरकवायची. कॉलेजनं नाव बदलून सरबताचा गेम केलंय, घरी सांगायला बरं पडतं. गिऱ्हाईकाची मागणी जराशीच वाढते पण मागं मागं जाता जाता कारखान्याच्या डोक्यावर ऑर्डरचा डोंगर होतो, मग सगळ्यांकडं माल पडून. सोयाबीनमध्ये नुसत्या अफवेवर हेच होतंय हे मी इतकी वर्षं बघायलोय, त्याला इतका नीट खेळ आहे हे माहीत नव्हतं.

पालक मिटिंगमध्ये सरांनी फिनलंडचं पण सांगितलं होतं, तिथं यवास्कुला गावात १९९३ पासून टीम अकॅडमी चालू आहे, विद्यार्थी स्वतःची सहकारी कंपनी काढूनच शिकतात, मास्तरच्या जागी कोच असतो. ऐकायला भारी. पण आपल्याकडं विद्यापीठाचा पेपर काही सुटत नाही, त्यामुळं परीक्षेच्या महिन्यात हे सगळे लाइव्ह बिझनेस गुंडाळून पोरं परत गाइड पाठ करायला बसतात.

इंटर्नशिप एकदम फुसकी. वाळूजच्या एका कंपनीत पाठवलं आणि स्टोअरमध्ये एक्सेलमध्ये आकडे भरायला बसवलं, टीम नाही काही नाही, शेवटी सर्टिफिकेट. पाचशे पाकिटं विकलेल्या लेकराला असं बसवायचं म्हणजे काय! कॉलेजचा एक माणूस अधूनमधून जाऊन बघितला असता तरी फरक पडला असता. पीपीटी पण लई, दर आठवड्याला. मेसवर बोलत नाही, तो वेगळा रिव्ह्यू होईल.

बघायला जाणार असाल तर शनिवारी दुपारी जा, त्या वेळी टीम कामाला बसलेल्या असतात. ऑफिसातल्या मॅडम माहितीपत्रक हातात देऊन वाटंला लावतील, तरी सरळ वर जाऊन कुठल्याही टीमला म्हणा, बाळा तुमची रोजकीर्द दाखव. दाखवली तर फी भरा.