जुन्या लाकडी होडीला इपॉक्सी वापरला, पाचपैकी चार स्टार

आमच्या एरियातली कॉलेजची पोरंपोरी मिळून एक जुनी वल्ह्यांची होडी दुरुस्त करतायत, चौघांनी वल्हवायची, सागवानी फळ्या एकीवर एक चढवून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली, बरीच वर्षं शेडमध्ये उलटी पडून होती. तिच्यासाठी बोहरी आळीतून सुटा इपॉक्सी आणला, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद, एका कॅनमध्ये रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. रिव्ह्यू लिहितोय कारण नेटवर बघावं तर सगळे व्हिडिओ टेबलं आणि घड्याळं बनवायचे, होडीचं मराठीत काहीच सापडेना.

चिकटायला जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. आतल्या एका बरगडीत (फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडात) पेचकस टेकवला तर खस्सकन आत गेला, वरून पॉलिश ठीकठाक आणि आतलं लाकूड कुजून भुगा. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं आणि नवा तुकडा तिरपा काप घेऊन जोडला, म्हणजे लाकूड १ सेंमी जाड असेल तर काप साधारण ८ सेंमी लांब, असा जोड दिला की चिकटायला जागा भरपूर मिळते. सागवान तेलकट असतं म्हणून आधी ॲसिटोनने पुसून घ्यायचं, मग इपॉक्सीत बारीक भुसा कालवून लावायचा. आणि क्लॅम्प जीव खाऊन आवळायचा नाही, सगळा माल बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. आमच्यातली एक मुलगी हे काम इतकं सुंदर करते की जोड कुठंय ते बोट फिरवून शोधावं लागतं, खरंच.

पण पुण्याच्या उन्हाळ्यात याला सांभाळावं लागतं. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मगभर एकदम कालवलात तर भांडं हातातच तापतं, धूरसुद्धा निघतो आणि काही मिनिटांत दगड. सकाळी लवकर, थोडं थोडं, पसरट भांड्यात कालवा. पावसाळ्यात उलटं, हवेत ओल असली की वर चिकट साय येते, ती आधी पाण्याने धुवायची आणि मगच पॉलिश पेपर मारायचा. लाकूडच ओलं असेल तर हात लावू नका.

आता मुख्य मुद्दा. फळ्यांच्या मधल्या फटी याने भरू नका!! ग्रुपमधे यावरून मोठा वाद झाला, काहींचं म्हणणं सगळं सील करून टाकू, वरून फायबर चढवू, गळायचा प्रश्नच मिटला. मग कोकणातल्या एका होडी बांधणाऱ्या काकांना फोन लावला, ते म्हणाले, "पोरांनो, लाकूड पाण्यात फुगतं, त्याला जागा ठेवा." अशी होडी बरेच दिवस कोरडी राहिली की पाण्यात टाकल्यावर आधी गळतेच, फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतात. तिथे कडक इपॉक्सी भरला तर फुगायला जागा नाही, मग फळीच चिरते. आणि फायबरच्या आत ओल अडकली की आतल्या आत कुजणं चालू. रेसच्या बोटी आता कार्बन फायबरच्या असतात, त्यांना ही भानगड नाही, ही लाकडाची आहे तर लाकडासारखीच वागवावी असं माझं ठाम मत. म्हणून इपॉक्सी फक्त तुटक्याकुजक्या जागी, फळ्यांना परत तांब्याचेच खिळे.

पोरांना घाई आहे ते समजतं. दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेले ते इथेच पुण्यात आर्मीच्या रोईंग सेंटरला घडलेले, हे नाव काढलं की ही पोरं तास तास पॉलिश पेपर घासतात. या होडीवर नवशिकी पोरं वल्हं मारायला शिकणार आहेत, तेव्हा काम पक्कंच पाहिजे.

एक स्टार कापला तो माहितीसाठी. कॅनवर प्रमाण होतं पण ते वजनाने की मापाने ते लिहिलेलं नाही, आणि काउंटरवर उत्तर मिळालं "निम्मं निम्मं टाका". असं चालत नाही, प्रत्येक हार्डनरचं प्रमाण वेगळं, आणि हार्डनर जास्त टाकल्याने लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतो. कंपनीचा कागद मागून घ्या आणि छोटा डिजिटल काटा वापरा.

उन्हाने इपॉक्सी पिवळा पडून खराब होतो त्यामुळे वरून यूव्हीवालं व्हार्निश किंवा पेंट लागणारच, तो खर्च आधीच धरा. नायट्राइलचे ग्लोव्ह्जही घ्याच, काहींच्या अंगावर पुरळ उठतं आणि एकदा का त्रास सुरू झाला की पुढे थोडासा लागला तरी होतो.