जुने शिशाचे सैनिक रंगवायला देण्याआधी हे वाचा

घरात जुने शिशाचे खेळण्यातले सैनिक असतील आणि कुणी म्हणालं, 'रंग उडालाय, वार्निश काळवंडलंय, द्या माझ्याकडे, नव्यासारखे करून देतो', तर देऊ नका. आमच्या आजोबांचा संच पुण्यात असाच गेला. तो माणूस अजूनही कामं घेतो आहे, म्हणून लिहिते आहे.

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबानं त्यांना ब्रिटन्स कंपनीचे घोडेस्वार दिले होते. स्किनर्स हॉर्स या घोडदळाच्या पलटणीचे, पिवळ्या अंगरख्यातले, हातात भाले. लंडनच्या या कंपनीनं १८९३ पासून आतून पोकळ सैनिक काढले. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचं थिजलं की मधलं पातळ शिसं बाहेर काढून टाकायचं. त्यामुळे शिसं कमी लागे आणि सैनिक हलका होई. पुढे सगळं उघडकीला आलं ते या पोकळपणामुळेच.

हा गृहस्थ एका प्रदर्शनात भेटला. त्याचे स्वतःचे सैनिक खरोखर देखणे होते. घरी येऊन त्यानं आमचे घोडेस्वार पाहिले, तळाशी जमलेली पांढरी भुकटी बोटानं दाखवली आणि बाबांना म्हणाला, "काका, शिशाला कीड लागलीय. वार्निशचा हात दिला नाही तर सगळे जातील. घरचं काम समजून करतो." बाबा घाबरले आणि संच त्याच्या हवाली केला.

भुकटी खरी होती, उपाय खोटा होता. लाकडाच्या किंवा प्लायवूडच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साचते, ती शिशाला खाते आणि वर पांढरा थर येतो. वरून वार्निश फासून ते थांबत नाही, आतल्या आत चालूच राहतं. कपाट बदलायचं, सैनिक कोरड्या, हवेशीर, काचेच्या किंवा धातूच्या कपाटात ठेवायचे, एवढंच करायचं असतं. (भुकटी घरी घासत बसू नका. शिशाची धूळ विषारी असते. हाताळल्यावर हात धुवा, लहान मुलांना लांब ठेवा.) शिवाय संग्राहक अशा सैनिकाचा मूळ रंगच बघतात. झिजलेला असला तरी चालतो, पण नव्यानं रंगवला की किंमत पडते. जाणकार माणूस हे आधी सांगतो. यानं ते एकदाही सांगितलं नाही.

पावसाळाभर तो 'दमट हवेत फवारलेलं वार्निश पांढुरकं पडतं, थांबावं लागेल' असं सांगत राहिला. हेही खरंच आहे. त्याच्या बोलण्यातली बरीच माहिती खरी असायची आणि म्हणूनच संशय येत नव्हता.

घोडेस्वार परत आले ते लखलखीत. पण हात हलेनात. ब्रिटन्सच्या सैनिकांचा एक हात खांद्याशी फिरता असतो. "वार्निशनं घट्ट बसलाय," असं उत्तर आलं. मग एक घोडेस्वार हातात घेतला तर तो भलताच जड लागला. काकांकडे याच संचातला एक घोडेस्वार राहिला होता. दोन्ही सराफाच्या काट्यावर ठेवले, तेव्हा परत आलेला सरळ भरीव निघाला. उंचीला किंचित कमी, कारण मूळ सैनिकावरून साचा काढून पुन्हा ओतलं की धातू निवताना आकसतो. घोड्याच्या पोटाखालची उठावाची अक्षरं बुजलेली. नखानं रंग खरवडला तर खाली नवा चकचकीत धातू. जुनं शिसं काळपट राखाडी असतं.

तोंडावर विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दिले तेच आहेत. वेगळे होते याचा पुरावा दाखवा." आमच्याकडे शोकेसमधला सगळ्यांचा मिळून एक फोटो. नव्या रंगाखाली मूळ वस्तूची ओळख पटवणारं काहीच उरत नाही, आणि त्याचा धंदा त्यावरच चालतो. कुणी जुन्या वस्तूवर पूर्ण रंग चढवायचा आग्रह धरला, तर हे आधी मनात आणा.

काही कारणानं द्यावेच लागले तर प्रत्येक सैनिकाचं वजन ग्रॅममध्ये पावतीवर लिहून सही घ्या. तळाचे, पोटाखालचे, फिरत्या हाताच्या जोडाचे जवळून फोटो काढा. मोजपट्टी शेजारी ठेवून उंची टिपा. पावती द्यायला कुणी कुरकुर केली तर तिथूनच परत फिरा.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. सोपवलेली वस्तू अशी लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा आहे. काकांकडचा घोडेस्वार आणि दोघांच्या वजनाची नोंद तक्रारीसोबत जोडली आहे.

मूळ घोडेस्वार विकायला निघतील, जुन्या बाजारात किंवा एखाद्या संग्राहकाकडे. पिवळे अंगरखे, तपकिरी घोडे, एका घोड्याचा डावा कान तुटलेला, दुसऱ्या स्वाराचा भाला मधोमध डाग देऊन जोडलेला. असे कुणी दाखवले तर घेऊ नका आणि जवळच्या पोलिस चौकीत कळवा.